फिन रॉटवरचे निळे औषध: बाटलीतले चांगले, खोक्यावरचे अपुरे

माशांचे पर कडेकडेने कुजत जाण्याच्या आजाराला टाकी बाळगणारे सगळेच फिन रॉट म्हणतात. या आजारावर मिळणाऱ्या एका निळ्या द्रव औषधाची बाटली मी माझ्या फायटर माशाच्या सोळा दिवसांच्या उपचारात वापरली. औषधाने काम केले, हे आधीच सांगते. मात्र पहिल्या चार दिवसांत त्याच औषधाने, किंवा खरे तर ते वापरण्याच्या छापील सूचनेने, माझ्या माशाची अवस्था आणखी बिघडवली. ते का घडले हे कळल्याशिवाय ही बाटली कोणी विकत घेऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशाच घटकांच्या आणि अशाच सूचनांच्या बाटल्या अनेक नावांनी मिळतात आणि माझी तक्रार त्या सगळ्यांना लागू पडते.

औषधात मेथिलिन ब्लू आणि ॲक्रिफ्लाविन असे दोन घटक आहेत. मेथिलिन ब्लू हा मुळात कापडाचा रंग. तो १८७६ साली जर्मनीत हाइन्रिख कारो या रसायनशास्त्रज्ञाने तयार केला आणि पुढे माणसांच्या औषधांतही त्याला जागा मिळाली. माशांच्या बाबतीत तो बुरशीवर आणि नायट्राइटच्या विषबाधेवर अधिक उपयोगी पडतो. परांच्या कडा खाणाऱ्या जिवाणूंवरचा मुख्य भार ॲक्रिफ्लाविनवर असतो. ही जोडी सौम्य जंतुनाशक आहे, प्रतिजैविक नव्हे. लेबलवर दोन्ही घटकांची नावे आहेत, पण प्रमाण किती टक्के हे कुठेही छापलेले नाही, आणि ही मला या उत्पादनातली पहिली मोठी उणीव वाटते. प्रमाण ठाऊक नसेल तर दुसऱ्या बाटलीशी तुलना करता येत नाही, आणि मात्रा चुकली तर किती चुकली याचा अंदाजही बांधता येत नाही.

आता माशाबद्दल. तो गडद निळ्या रंगाचा, लांब शेपटीचा नर फायटर आहे. एका सकाळी शेपटीच्या खालच्या टोकाला काळसर रेघ दिसली. ती सावली असावी असे मी धरून चालले. तिसऱ्या दिवशी तीच कड दातेरी झाली होती, मधल्या शिरा काड्यांसारख्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्यामधला पातळ पडदा नाहीसा झाला होता. टॉर्चचा प्रकाश तिरका धरून पाहिले तेव्हा कडेला तांबूस छटा आणि एका ठिकाणी पांढुरकी किनार दिसली. हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. मासा खडकाला किंवा प्लॅस्टिकच्या झाडाला घासून पर फाटला असेल, तर चीर सरळ आणि स्वच्छ असते, तिची कड बाकीच्या पराच्याच रंगाची राहते आणि ती दिवसेंदिवस वाढत नाही. अशा फाटलेल्या परासाठी औषधाची गरजच नसते. पाणी स्वच्छ ठेवले की पर आपोआप भरून येतो. रंग बदललेली, झिजत आत सरकणारी कड मात्र जिवाणूंचे काम असते.

हे जिवाणू बाहेरून येत नाहीत. एरोमोनस, स्यूडोमोनस आणि फ्लेवोबॅक्टेरियम या कुळांतले जिवाणू जवळपास प्रत्येक टाकीत आधीपासून असतातच, आणि धडधाकट मासा अंगावरच्या चिकट थराच्या बळावर त्यांना दूर ठेवतो. तो थर अमोनियाने भाजला, पाणी गार पडले, टाकीत गर्दी झाली किंवा दुसऱ्या माशाने पर कुरतडले, म्हणजे त्यांना वाट मिळते. माझ्याकडे काय झाले होते ते मला नंतर समजले. दहा दिवसांपूर्वी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी स्वच्छ पिळून धुतला होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजात राहणारे उपकारक जिवाणू मेले. हेच जिवाणू माशाच्या विष्ठेतून आणि श्वसनातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करत असतात. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच दाबायचा असतो.

खोक्यावर यातले एक अक्षरही नाही. खोक्यावर मराठीत सांगायचे तर एवढेच छापले आहे, की दर १० लिटर पाण्याला १० थेंब या प्रमाणात औषध टाकीत घालावे, सात दिवस ठेवावे आणि मग पाणी बदलावे. मी तेच केले. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, हे मला आधीच माहीत होते म्हणून केले. लेबलवर तेही नाही. सक्रिय कोळसा हे रंग काही तासांत शोषून घेतो, त्यामुळे तो आत राहिला तर औषध माशापर्यंत पोहोचण्याआधीच फिल्टरमध्ये अडकते. नव्याने मासे पाळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

चौथ्या दिवशी मासा पृष्ठभागाजवळ एका कोपऱ्यात थांबून राहिला, पर अंगाशी मिटलेले, शेपटी आणखी दोन-तीन मिलिमीटर आत गेलेली. तेव्हा मी द्रव पद्धतीच्या टेस्ट किटने पाणी तपासले. परीक्षानळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते. ते स्पष्ट हिरवे झाले. अमोनिया दर लिटरला १ मिलिग्रॅम होता. मेथिलिन ब्लू फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंनाही मारतो, हे सत्य मला त्या हिरव्या नळीने शिकवले. स्पंज धुतल्यानंतर जे थोडे जिवाणू उरले होते, त्यांनाही मी खोक्यावरच्या सूचनेप्रमाणे औषध घालून संपवले होते, आणि सात दिवस पाणी बदलू नये या सूचनेमुळे अमोनिया टाकीत साचत गेला होता. एकीकडे जखमेवर औषध आणि दुसरीकडे त्याच जखमेवर विष, अशी माशाची अवस्था झाली होती. त्याच्याकडे पाहताना मला फार वाईट वाटले.

अमोनियाच्या आकड्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. किट एकूण अमोनिया मोजते, पण त्यातला जो भाग माशाला खरा अपाय करतो तो पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यावर, अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग विषारी रूपात असतो, पण पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे एकाच्या टाकीत मासा ज्या आकड्यावर तग धरतो, त्याच आकड्यावर दुसऱ्याच्या टाकीत मासा मरू शकतो. माझ्या पाण्याचा पीएच ७.८ होता, म्हणजे मी वाईट बाजूला होते.

पाचव्या दिवसापासून मी पद्धत पूर्ण बदलली, आणि औषधाची खरी परीक्षा तिथून सुरू झाली. दहा लिटर पाणी मावेल असा झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेतला. त्यात खडी नाही, झाडे नाहीत. एक छोटा हीटर, अगदी मंद चालवलेला एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि मासा टेकू शकेल असे रेशमी कापडाचे एक पान, एवढेच ठेवले. क्लोरीन घालवणारे द्रावण घातलेले आणि २६ अंशांवर आणलेले पाणी भरले. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे त्याला जोराच्या बुडबुड्यांची गरज नसते, आणि फाटक्या शेपटीने प्रवाहाशी झगडायला लावणे तर अगदीच चुकीचे. इतर जातींच्या माशांसाठी मात्र औषधाच्या काळात हवा नेहमीपेक्षा जास्त द्यावी. तापमान वाढवले की मासा लवकर बरा होतो असा एक समज आहे, तो या आजारात धोक्याचा आहे. फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नारे नावाचा जिवाणू कारणीभूत असेल तर उष्ण पाण्यात तो अधिक वेगाने पसरतो. म्हणून नेहमीचेच तापमान ठेवावे आणि ते दिवसरात्र स्थिर ठेवावे.

मात्रा मोजताना या बाटलीचा आणखी एक दोष उघड झाला. खोक्याच्या आतल्या घडीपत्रिकेवर, अगदी बारीक अक्षरांत, मोठ्या टाक्यांसाठी वेगळे माप दिलेले आहे: दर १०० लिटरला ५ मिलिलिटर. म्हणजे दहा लिटरला अर्धा मिलिलिटर, आणि तो दहा थेंबांत बसायचा तर एका मिलिलिटरचे वीस थेंब व्हायला हवेत. मी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये बाटलीचे थेंब एकेक करून सोडले. एक मिलिलिटरची रेघ गाठायला सव्वीस थेंब लागले. बाटली तिरकी धरली तर थेंब लहान पडत होते आणि संख्या आणखी वाढत होती. याचा अर्थ, थेंब मोजून औषध घालणाऱ्याला प्रत्यक्षात जवळपास पाव हिस्सा कमी औषध मिळते.

मोठ्या टाकीत मी काय केले होते, तेही मग ताडून पाहिले. टाकी ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ३० उंच आहे, म्हणून तिला विकताना ३४ लिटरची म्हणतात. पण पाण्याची पातळी तळापासून २४ सेंटिमीटरवर असते, म्हणजे २७ लिटर, आणि त्यातही खडीने सुमारे दोन लिटरांची जागा अडवलेली. खरे पाणी २५ लिटर. मी ३४ लिटर धरून ३४ थेंब घातले होते, ते निघाले १.३ मिलिलिटर, आणि २५ लिटरला हवे होते १.२५. दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि मात्रा योगायोगाने बरोबर पडली. आजारी जिवाचे औषध असे योगायोगावर सोडता येत नाही. ज्यांच्याकडे हे किंवा यासारखे कुठलेही औषध असेल, त्यांनी थेंबांचा नाद सोडून एक मिलिलिटरची सिरिंज वापरावी आणि टाकीतले पाणी खोक्यावरच्या आकड्याने नव्हे तर पट्टीने मोजावे.

डब्यात अर्धा मिलिलिटर औषध घातले आणि सोबत दर लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने साधे मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून घातले. इतके मीठ फायटर माशाला सहज सोसते, आणि जखमेतून शरीरातले क्षार पाण्यात झिरपण्याचा ताण त्याने कमी होतो. रोज सकाळी पाच लिटर पाणी काढायचे, तितकेच नवे, त्याच तापमानाचे पाणी घालायचे आणि त्या पाच लिटरपुरतेच औषध म्हणजे पाव मिलिलिटर आणि पाच ग्रॅम मीठ घालायचे, असा क्रम ठेवला. इथे नेहमी चूक होते ती मिठाची. पाणी वाफ होऊन कमी झाले तर मीठ मागेच राहते, म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई नुसत्या साध्या पाण्याने करायची. मीठ फक्त आपण हाताने काढलेल्या पाण्याच्या बदल्यात घालायचे. टाकीत झाडे किंवा गोगलगायी असतील तर तिथे हा उपाय करू नये.

या पद्धतीत औषधाने जे दाखवले ते समाधानकारक होते. डब्यातल्या दुसऱ्या दिवशी काहीच बदल नव्हता. तिसऱ्या दिवशी मासा पर किंचित उघडून फिरला. चौथ्या दिवशी मी पट्टी डब्याच्या बाहेर धरून शेपटी मोजली आणि ती आदल्या दिवशीएवढीच होती, म्हणजे कुजणे थांबले होते. सातव्या दिवशी तांबूस किनार गेली. नवव्या दिवशी, पाठीमागे पांढरा कागद धरल्यावर, दातेरी कडेच्या बाहेर काचेसारखी, जवळजवळ न दिसणारी एक पट्टी दिसली. केसाइतकीच रुंद असेल. पर नव्याने येतो तो असा बिनरंगाचा येतो, आणि अनेक जण त्याला बुरशी समजून घाबरतात व पुन्हा औषध घालतात. बुरशी कापसासारखी फुललेली आणि अपारदर्शक असते. ही कड मात्र सपाट, गुळगुळीत आणि पारदर्शक असते. ती दिसली की औषध थांबवायचे. मी त्यानंतर तीन दिवस फक्त मीठ आणि रोजचे पाणी बदलणे चालू ठेवले आणि मग माशाला मोठ्या टाकीत परत सोडले.

तिथे तोवर फिल्टरमध्ये उपकारक जिवाणू पुन्हा वसवण्याचे काम चालले होते. निळे पाणी काढून टाकून कोळसा घातला, आणि दुसऱ्या एका जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा आणून फिल्टरमध्ये ठेवला. तसा तुकडा मिळाला नाही तर फिल्टरमध्ये हे जिवाणू नव्याने वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग तीन दिवस शून्य आल्यावरच मासा आत गेला.

रंगाचा त्रास हा या औषधाचा तिसरा दोष म्हणावा लागेल. काचेच्या जोडांमधला सिलिकॉन कायमचा निळसर झाला आहे, हवेची नळी निळी झाली आहे आणि टेकण्यासाठी ठेवलेले रेशमी पान तर टाकूनच द्यावे लागले. याबद्दल लेबलवर इशारा आहे, पण तो झाकणाच्या पट्टीखाली दडतो. बाटलीचा रंग मात्र गडद तपकिरी आहे आणि ही चांगली गोष्ट आहे, कारण हे दोन्ही रंग उजेडाने क्षीण होतात. औषध चालू असताना डब्यावरचा दिवाही मी म्हणूनच बंद ठेवला होता. झाकण घट्ट बसते, आडवे पडले तरी गळत नाही. औषधाने पाण्याला येणारा रंग फार गडद नसल्यामुळे मासा दिसत राहतो, आणि रोज त्याची कड पाहता येणे हे उपचारात फार मोलाचे आहे.

या औषधाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. कुजणे पराच्या कडेपुरते असेल तरच ते वापरावे. ते पराच्या मुळापर्यंत, म्हणजे अंगाला टेकले असेल, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा उठला असेल, किंवा तीन-चार दिवस पाणी निर्मळ ठेवूनही कड रोज आत सरकत असेल, तर सौम्य जंतुनाशकावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मुळापासून गेलेला पर पुन्हा उगवत नाही. अशा वेळी प्रतिजैविक लागते, आणि या आजारातले बहुतेक जिवाणू ग्राम-निगेटिव्ह (काही प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या एका मोठ्या गटातले) असल्यामुळे त्यांच्यावर काम करणारेच लागते. कॅनामायसिन हे त्यांपैकी एक. ते जपानच्या हामाओ उमेझावा यांनी १९५७ साली मातीतल्या जिवाणूपासून वेगळे केले आणि माशांसाठी त्याची भुकटी मिळते. पण प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच, पूर्ण मुदतीपर्यंत आणि वेगळ्या टाकीतच द्यावे. अर्धवट दिलेली मात्रा कणखर जिवाणूंना मागे ठेवते. काजूपुट नावाच्या झाडाच्या तेलाची द्रावणेही दुकानात याच कपाटात दिसतात. फाटलेल्या, न कुजलेल्या पराला ती ठीक असतील, पण तांबूस कड दिसत असताना मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

आणखी एक सूचना, जी एकाही खोक्यावर मला आढळली नाही. हाताला चीर किंवा जखम असेल तर आजारी माशाच्या पाण्यात उघडा हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांमध्ये सापडला. तो माणसाच्या त्वचेवर महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी उठवतो. त्याच्यामुळे आजारी पडलेल्या माशाचे परही झिजलेले दिसू शकतात. पातळ रबरी हातमोजे वापरणे काही अवघड नाही.

पाच गुणांपैकी मी औषधाला साडेतीन देईन आणि त्याच्या छापील सूचनेला एक. एक गुण एवढ्यासाठीच, की घडीपत्रिकेत मिलिलिटरचे माप कुठेतरी दिलेले आहे. कंपनीने चार ओळी वाढवल्या तरी पुष्कळ मासे वाचतील: आधी अमोनिया तपासा, वेगळ्या भांड्यात औषध द्या, रोज पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतेच औषध घाला. घटकांची टक्केवारी छापली तर आणखी बरे. ज्यांच्याकडे अजून टेस्ट किट नाही, त्यांनी या बाटलीच्या आधी ते घ्यावे. द्रवाचेच घ्यावे. अमोनियाच्या नळीचा रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर वाचावा, कारण पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरक नीट कळत नाही.

आज या सगळ्याला अडीच महिने झाले. शेपटी जवळपास पूर्ण भरून आली आहे. फक्त खालच्या टोकाला, जिथे पहिली काळी रेघ दिसली होती, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी एक खाच राहिली आहे आणि तिच्याभोवतीचा नवा पडदा बाकीच्या शेपटीपेक्षा एक छटा फिका निळा आहे. बाटलीत निम्म्याहून अधिक औषध शिल्लक आहे. तिच्यावर मी कागदी पट्टी चिकटवून उघडल्याची तारीख आणि "१० लिटरला ०.५ मिलि, सिरिंजने, वेगळ्या डब्यात" एवढे लिहून ठेवले आहे, आणि सिरिंज रबरबँडने बाटलीलाच बांधली आहे.